ॲन सुलिव्हन : कीव न करणाऱ्या बाई



हेलन केलर हे नाव आपल्या शाळांमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन आला, की परिपाठात तिची गोष्ट हमखास सांगितली जाते. न दिसणारी, न ऐकू येणारी मुलगी शिकली, पदवीधर झाली, पुस्तकं लिहिली, जगभर फिरली. मुलं टाळ्या वाजवतात आणि परिपाठ संपतो.

या गोष्टीत एक बाई येतात. हेलनच्या एका हातावर पाणी सोडतात, दुसऱ्या हातावर शब्द लिहितात आणि गोष्टीतून निघून जातात. खऱ्या आयुष्यात मात्र त्या निघून गेल्या नाहीत. पुढची ४९ वर्षं त्या तिथेच होत्या.

आजचा लेख त्या बाईंवर आहे. कारण सरळ आहे. आपल्या वर्गात एखादं दिव्यांग मूल येतं, किंवा आपल्याच घरात जन्माला येतं, तेव्हा आपण ॲनच्या जागी उभे असतो. त्या मुलाशी कसं वागायचं, किती मदत करायची, कुठे हात सोडायचा, हे प्रश्न आपल्यापुढे असतात. म्हणून तिचं आयुष्य आपण नीट वाचायला हवं.

बालपण

ॲन सुलिव्हनचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फीडिंग हिल्स नावाच्या गावी झाला. आईवडील आयर्लंडमधून पोटासाठी आलेले. घरात गरिबी, वडिलांना दारूचं व्यसन. ॲन पाच वर्षांची असताना तिच्या डोळ्यांना खुपऱ्या झाल्या. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हा रोग चांगलाच माहीत होता. पापण्यांच्या आतली बाजू खरखरीत होते, ती बुबुळावर सतत घासली जाते आणि वेळेवर उपचार नाही झाले तर नजर जाते. ॲनला उपचार मिळाले नाहीत. तिला जेमतेम धूसर दिसू लागलं.

ती आठ वर्षांची असताना आई क्षयानं गेली. त्यानंतर काही काळानं वडीलही मुलांना सोडून निघून गेले. ॲन आणि तिचा धाकटा भाऊ जिमी, दोघं नातेवाइकांना जड झाले. जिमीच्या खुब्याला क्षय झाला होता, त्याला कुबडी घेऊन चालावं लागायचं. फेब्रुवारी १८७६ मध्ये या दोन्ही मुलांना ट्युक्सबरी इथल्या निराधारांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात आणून सोडण्यात आलं.

तिथे म्हातारी माणसं, आजारी माणसं, मानसिक रुग्ण, ज्यांना कुणी नाही अशा बायका, सगळे एकत्रच. मुलांसाठी वेगळं काही नाही. मेलेल्या माणसांना ठेवायची खोली बहिणभावाच्या खाटांपासून जवळच होती. काही महिन्यांतच जिमी गेला. रात्री ॲनला जाग आली, तिनं अंधारात हात लांब केला, तर जिमीची खाट जागेवर नव्हती. बहीण दहा वर्षांची होती.

जरा विचार करून बघा. ट्युक्सबरीत दोन वेळचं अन्न होतं, छप्पर होतं, खाट होती. कागदोपत्री त्या मुलीची सोय लागलेली होती. पण तिला काय हवंय हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं. पुढे १८८३ साली या संस्थेच्या कारभाराची राज्य पातळीवर चौकशी झाली. माणसाला नुसतं जिवंत ठेवणं आणि माणसाला सांभाळणं यांतला फरक ॲन पुस्तकातून शिकली नाही. ती तो फरक भोगून आली होती.

शाळेत जायचंय

आंधळ्या मुलांसाठी वेगळी शाळा असते, हे ॲनला तिथल्याच कुणाकडून तरी कळलं होतं. १८८० साली राज्याच्या धर्मादाय मंडळाचे अधिकारी फ्रँक सॅनबॉर्न हे तपासणीसाठी आले. ॲन त्या मंडळींच्या मागेमागे एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहिली. त्यांतले सॅनबॉर्न कोण, हे तिला दिसतच नव्हतं. शेवटी ते निघायच्या वेळी ती त्या घोळक्यात घुसली आणि मला शाळेत जायचंय म्हणून ओरडली.

तिचं ऐकलं गेलं. ७ ऑक्टोबर १८८० रोजी बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत तिचा प्रवेश झाला. वय १४ आणि अक्षरओळख शून्य. लहान लहान मुलींच्या वर्गात ही मोठी मुलगी बसायची. कपडे धड नाहीत, बोलण्यात रांगडेपणा, स्वतःची जन्मतारीखही सांगता येत नाही. मुली हसायच्या. ॲन उलट उत्तरं द्यायची, शिक्षकांशी वाद घालायची. तिला शाळेतून काढून टाकण्यापर्यंत वेळ आली होती.

आज अशी मुलगी आपल्या वर्गात आली तर आपण काय म्हणू? उद्धट आहे, वळण नाही, घरचं वातावरण तसंच असणार. पर्किन्समध्येही असं म्हणणारे होते. पण तिच्या रागामागे हुशारी आहे हे ओळखणारेही दोन-चार जण होते. वसतिगृहाच्या माता सोफिया हॉपकिन्स यांनी तिला सुट्टीत आपल्या घरी नेलं, पोटच्या मुलीसारखं वागवलं. डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि ॲनला छापील अक्षरं वाचता येण्याइतकं दिसू लागलं.

याच शाळेत लॉरा ब्रिजमन राहत होत्या. लॉरांना दोन वर्षांच्या असताना आलेल्या तापानं ना दिसत होतं, ना ऐकू येत होतं. १८३७ साली शाळेचे पहिले संचालक डॉ. सॅम्युएल हाऊ यांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. दिसत नसलेल्या आणि ऐकू येत नसलेल्या मुलीला भाषा शिकवता येते, हे त्यांनी अमेरिकेला दाखवून दिलं. ॲन तिथे आली तेव्हा लॉरा पन्नाशीच्या होत्या. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून ॲन बोटांची लिपी शिकली. या लिपीत प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक ठरलेली खूण असते आणि ती समोरच्याच्या तळहातात करायची असते. बोलायला माणूस नसलेल्या एका बाईंशी गप्पा मारण्यासाठी शिकलेली ही लिपी पुढे तिच्या आयुष्याचं काम ठरणार होती.

१८८६ साली ॲन वर्गात पहिली आली. पण पुढे काय, हा प्रश्न होताच. घर नाही, पैसा नाही, डोळे अर्धे. त्याच उन्हाळ्यात अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावाहून कॅप्टन आर्थर केलर यांचं पत्र आलं. त्यांच्या मुलीसाठी शिक्षिका हवी होती. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्यांना पर्किन्सचा रस्ता दाखवला होता. संचालक मायकेल ॲनाग्नॉस यांनी ॲनचं नाव सुचवलं. ॲन लगेच निघाली नाही. काही महिने तिनं लॉराच्या शिक्षणाच्या जुन्या नोंदी वाचून काढल्या. म्हणजे मनात माया होती, तरी तयारीवाचून ती गेली नाही, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लाडावलेली आणि कोंडलेली मुलगी

३ मार्च १८८७. ॲन टस्कंबियाला पोहोचली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि हेलन पावणेसात वर्षांची. हेलन १९ महिन्यांची असताना आजारपणात तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलं होतं.

हेलन अगदीच काही न कळणारी मुलगी होती, असं मात्र नाही. तिनं स्वतःच्या पन्नास-साठ खुणा तयार केल्या होत्या. पाव हवा असेल तर ती कापून लोणी लावल्यासारखं करायची. वडील म्हणजे चष्मा घातल्याची खूण. पण मनातलं बरंचसं या खुणांत मावत नव्हतं. मग ती चिडायची, लाथा मारायची, वस्तू फोडायची. एकदा तिनं आईला कोठीच्या खोलीत कोंडलं होतं. ॲन आल्यावर तिलाही खोलीत कोंडून किल्ली लपवली. शेवटी कॅप्टन केलरना शिडी लावून नव्या शिक्षिकेला खिडकीतून खाली उतरवावं लागलं. एका झटापटीत तर ॲनचा पुढचा दात पडला.

घरचे हे सगळं का सहन करत होते? तर दयेपोटी. बिचारीला दिसत नाही, ऐकू येत नाही, निदान तिच्या मनासारखं तरी होऊ दे. जेवणाच्या टेबलाभोवती हेलन फिरायची आणि ज्याच्या ताटात हात जाईल त्यातून उचलून खायची. कुणी काही म्हणायचं नाही.

पालकहो, यात आईवडिलांचा दोष काढणं फार सोपं आहे. पण त्यांच्या जागी आपण असतो तर वेगळं वागलो असतो का? आपल्या मुलाचं दुःख बघवत नाही म्हणूनच आपण त्याला सूट देतो. ती सूट प्रेमातूनच आलेली असते. पण त्या सुटीच्या पोटात एक न बोललेला निकालही असतो, की या मुलाला यापेक्षा जास्त काही जमणार नाही. मुलाला तो निकाल कळतो, ऐकू येत नसलं तरी कळतो.

जेवणाच्या टेबलावर

एके दिवशी सकाळी हेलननं ॲनच्या ताटात हात घातला. ॲननं तो बाजूला केला. हेलननं पुन्हा घातला. घरची माणसं बघवेना म्हणून उठून गेली. ॲननं दाराला कुलूप लावलं आणि जेवत राहिली. हेलन जमिनीवर लोळली, लाथा झाडल्या, ॲनची खुर्ची ओढायचा प्रयत्न केला, चिमटे काढले. मग टेबलाभोवती फिरून आली, तर बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. शेवटी ती आपल्या जागी बसली आणि हातानं खाऊ लागली. ॲननं तिच्या हातात चमचा दिला, तिनं तो फेकला. ॲननं तो तिच्याच हातानं उचलायला लावला. बऱ्याच वेळानं हेलननं चमच्यानं न्याहारी संपवली. मग नॅपकिनची घडी घालण्यावरून पुन्हा तासभर लढाई झाली. ती संपल्यावर ॲन आपल्या खोलीत गेली आणि पलंगावर पडून रडली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या झटापटीत हेलन चिमटे काढायची तेव्हा ॲन तिला चापटी मारायची. तो काळ वेगळा होता. आज आपण असं करू शकत नाही, करूही नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंही शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे. मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना त्याचं सगळंच उचलायचं नसतं. ॲनकडून घ्यायचा तो तिचा विश्वास. हेलनला टेबलाशी बसून चमच्यानं जेवता येईल, असं त्या घरात एकटीला वाटत होतं.

बागेतलं छोटं घर

आईवडील समोर असताना हेलन आपलं ऐकणार नाही, हे ॲनला उमगलं. ती हेलनला घेऊन जवळच्याच बागेतल्या एका छोट्या घरात राहायला गेली. आईवडिलांनी रोज यावं, पण हेलनला कळू देऊ नये, अशी अट होती. विचार करा, त्या आईवडिलांना किती जड गेलं असेल ते.

सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले. हेलन ॲनला जवळही येऊ देईना. पण दोन आठवडे पुरे व्हायच्या आतच ती शांत झाली. लाल लोकरीची लांब साखळी विणत ती ॲनच्या शेजारी बसू लागली. वडिलांनी एकदा त्यांची कुत्री बेल हिला तिथे आणलं. हेलननं तिला वासावरून ओळखलं, मिठी मारली आणि मग तिचा पंजा हातात घेऊन बोटांनी काहीतरी करू लागली. ॲननं नीट बघितलं. हेलन कुत्रीला बाहुली हा शब्द शिकवत होती!

हा शब्द हेलनला पहिल्याच दिवसांत शिकवला होता. पर्किन्सच्या मुलींनी हेलनसाठी एक बाहुली पाठवली होती, तिचे कपडे लॉरा ब्रिजमननं शिवले होते. बाहुली एका हातात देऊन ॲननं त्या शब्दाची अक्षरं दुसऱ्या हातावर काढली होती. हेलन ती अक्षरं माकडासारखी उतरवायची. पण प्रत्येक वस्तूला नाव असतं, ही गोष्ट अजून तिच्या लक्षात आली नव्हती.

हापशावर

५ एप्रिल १८८७. त्या दिवशी हेलनचा मग आणि मगातलं पाणी यांत गोंधळ होत होता. शिकवून शिकवून दोघी वैतागल्या. रागाच्या भरात हेलननं नवी बाहुली जमिनीवर आपटून फोडली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

ॲन तिला हापशाकडे घेऊन गेली. हापसा मारला. हेलनच्या एका हातावर गार पाणी पडू लागलं आणि दुसऱ्या हातावर ॲन पाण्याची अक्षरं काढत राहिली, आधी सावकाश, मग भरभर. हेलन एकदम थांबली. हातातला मग पडला. तिच्या चेहऱ्यावरचे भाव बदलले. तिनं तो शब्द पुन्हा पुन्हा काढला. मग जमिनीवर हात ठेवून तिचं नाव विचारलं, हापशाचं विचारलं, आणि अचानक वळून ॲनकडे बोट करून तिचं नाव विचारलं. ॲननं उत्तर दिलं, टीचर. दिवस मावळेपर्यंत हेलनला तीसेक नवे शब्द आले होते.

ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. पण त्यानंतरचा प्रसंग बहुतेक वेळा राहून जातो. घरात परत आल्यावर हेलनला ती फोडलेली बाहुली आठवली. तिनं चाचपडत तुकडे शोधले, जोडायचा प्रयत्न केला आणि तिचे डोळे भरून आले. आपण काय केलं हे तिला पहिल्यांदा कळलं आणि पहिल्यांदा वाईट वाटलं. त्या रात्री ती आपणहून ॲनच्या कुशीत शिरली.

भाषा मिळाली आणि तिच्या पाठोपाठ दुसऱ्याचं दुःख कळू लागलं. म्हणून एखादं मूल हट्टी आहे, निर्दय आहे असं म्हणण्याआधी, त्याच्याजवळ सांगायला शब्द आहेत का, हे बघायला हवं.

त्या दिवसापासून हेलननं ॲनला शेवटपर्यंत टीचर म्हणूनच हाक मारली. आपल्याकडे मुलं बाई म्हणतात, तसं. आता इथून पुढे आपणही त्यांना बाईच म्हणू.

बाळाशी बोलतात तसं

हापशानंतर आठवडाभरातच बाईंनी एक मोठा निर्णय घेतला. हेलनच्या नात्यातलं एक पंधरा महिन्यांचं बाळ होतं. त्या बाळाला कुणी तासिका लावून भाषा शिकवत नाही, सगळे त्याच्याशी बोलत राहतात आणि ते हळूहळू समजू लागतं, हे बाईंनी पाहिलं. मग त्यांनी ठरवलं, आपणही हेलनशी असंच बोलायचं. तुटक शब्द नकोत, पूर्ण वाक्यं. तिला सगळं कळेल की नाही याची वाट बघायची नाही. लोक बाळाच्या कानात बोलतात, आपण हेलनच्या हातात बोलायचं.

म्हणून मग ठरलेल्या वेळचे धडे गेले. दोघी टेनेसी नदीच्या काठी जायच्या. हेलन चिखलात धरणं बांधायची, डोंगर आणि नद्या करायची, त्यातून भूगोल व्हायचा. फुलं, किडे, कोंबडीची पिल्लं, जे हाताला लागेल ते पुस्तक. त्याच वर्षी जूनमध्ये हेलननं पेन्सिलीनं पहिलं पत्र लिहिलं. ज्ञानरचनावाद हा शब्द आपण प्रशिक्षणात ऐकतो. त्या वीस वर्षांच्या मुलीनं तो शब्द कधी ऐकला नव्हता, पण केलं तेच.

आणि हे काम दिवसभराचं होतं. समोर कुणी बोललं, ते हेलनच्या हातात सांगायचं. रस्त्यात काय दिसतंय, ते सांगायचं. कोण हसलं, का हसलं, तेही सांगायचं. बोटं दुखायची, डोळे दुखायचे. पण हेलनला कुणी गप्पांतून वगळलेलं बाईंना चालत नसे.

शंका घेणारे लोक

सगळं गोड गोड झालं असं नाही. १८९१ साली हेलननं ॲनाग्नॉस यांना वाढदिवसाची भेट म्हणून एक गोष्ट लिहून पाठवली. ती दुसऱ्या एका लेखिकेच्या गोष्टीसारखी निघाली. कधीतरी हातावर ऐकलेली गोष्ट मनात राहून गेली होती आणि हेलनला ती आपलीच वाटली होती. पर्किन्समध्ये आठ जणांसमोर या बारा वर्षांच्याही न झालेल्या मुलीची चौकशी झाली. बाईंना खोलीबाहेर ठेवण्यात आलं. त्यानंतर ॲनाग्नॉस यांच्याशी असलेलं नातं दुरावलं.

पुढे केंब्रिजच्या शाळेत मुख्याध्यापक आर्थर गिलमन यांनी हेलनला बाईंपासून वेगळं करायचा प्रयत्न केला. तो फसला. पण लोकांची शंका कायम राहिली, की ही मुलगी बोलते ते तिचं स्वतःचं की बाईंचं? दिव्यांग माणसाच्या बुद्धीवर समाजाचा चटकन विश्वास बसत नाही, हे त्यामागचं खरं कारण होतं. आजही बघा, व्हीलचेअरवरच्या माणसाबरोबर आपण दुकानात गेलो तर दुकानदार आपल्याला विचारतो, यांना काय हवंय?

कॉलेज

१९०० साली हेलननं रॅडक्लिफ कॉलेजात प्रवेश घेतला. वर्गात बाई तिच्या शेजारी बसायच्या आणि प्राध्यापकांचं व्याख्यान जसंच्या तसं तिच्या हातात उतरवायच्या. बरीच पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती. ती बाई स्वतः वाचायच्या आणि हेलनच्या हातात सांगायच्या. मुळातच अधू असलेल्या डोळ्यांनी, तासन् तास. डोळे बिघडत चालले होते. 

१९०४ साली हेलन केलर सन्मानासह पदवीधर झाल्या. अंध आणि कर्णबधिर व्यक्तीनं पदवी मिळवल्याचं हे पहिलं उदाहरण. चार वर्षं त्याच वर्गांत बसलेल्या बाईंना पदवी नव्हती. त्यांच्या कामासाठी टेंपल विद्यापीठानं त्यांना मानद पदवी दिली ती १९३२ साली.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतं?

१९०५ साली बाईंनी जॉन मेसी यांच्याशी लग्न केलं. हेलनच्या आत्मचरित्राचं संपादन करणारे हेच मेसी. तिघं एकाच घरात राहायचे. काही वर्षांनी नवराबायको वेगळे झाले. पैशांची चणचण नेहमीचीच. व्याख्यानं झाली, काही वर्षं तर दोघींनी रंगमंचावर विविध करमणुकीच्या कार्यक्रमांतही काम केलं. पुढे १९२४ पासून अंधांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेसाठी निधी गोळा करत त्या देशभर फिरल्या.

बाईंचा स्वभाव तापट होता. मध्येच उदासी यायची. ट्युक्सबरीच्या आठवणी तर त्यांनी कितीतरी वर्षं कुणालाच सांगितल्या नाहीत, रोज हातात हात असलेल्या हेलनलाही नाही. दुसऱ्याला शब्द देणारी बाई स्वतःच्या दुःखाबद्दल मुकी राहिली. सेवा करणारी माणसं देवमाणसं असतात असं आपण म्हणतो आणि त्यांना थकायचा हक्कच ठेवत नाही. बाई थकायच्या, चिडायच्या, रडायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातावर बोलू लागायच्या.

१९१४ साली स्कॉटलंडहून आलेल्या पॉली टॉमसन या घरात मदतीला रुजू झाल्या. हळूहळू बराच भार त्यांनी उचलला. हे फार महत्त्वाचं होतं. सांभाळायचं काम एकट्याच्या खांद्यावर वर्षानुवर्षं ठेवता येत नाही.

शेवटच्या वर्षांत बाईंचा एक डोळा काढावा लागला आणि दुसऱ्यानंही दिसेनासं झालं. आता चित्र पालटलं होतं. जिला हात धरून जगात आणलं, तीच आता पॉलीच्या सोबतीनं बाईंना सांभाळत होती. २० ऑक्टोबर १९३६ रोजी न्यूयॉर्कमधल्या राहत्या घरी बाई गेल्या. त्यांचा हात हेलनच्या हातात होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अस्थी ठेवल्या गेल्या. तिथे स्वतःच्या कर्तृत्वावर हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९६८ साली हेलन गेल्या, तेव्हा त्यांच्याही अस्थी तिथेच ठेवल्या गेल्या.

बाईंच्या पश्चात हेलन ३१ वर्षं जगल्या. सतत काम करत राहिल्या. १९५५ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या पॉलींबरोबर भारतातही येऊन गेल्या. सगळ्यांना वाटलं होतं, बाई गेल्यावर हेलनचं काय होणार? बाईंनी केलेलं काम किती पक्कं होतं, त्याचं उत्तर या ३१ वर्षांत आहे.

आपल्यासाठी

कुणी म्हणेल, बाईंना एकच विद्यार्थिनी होती, आमच्या वर्गात चाळीस मुलं आहेत. बरोबर आहे. केलर कुटुंबाला स्वतंत्र शिक्षिका ठेवणं परवडत होतं, प्रत्येक घराला ते परवडत नाही. म्हणूनच तर कायदे लागतात. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे आणि अंध-कर्णबधिरत्वाचाही त्यात समावेश आहे. विशेष शिक्षक, गृहाधारित शिक्षण यांची सोय प्रत्यक्षात मुलापर्यंत पोहोचते का, हे आपण शाळेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत विचारत राहिलं पाहिजे.

पण कायद्याची वाट न बघता वर्गात उद्यापासून करता येण्यासारखंही पुष्कळ आहे.

१) मुलाशी थेट बोला. त्याच्या आईला किंवा शेजारच्या मुलाला विचारू नका. उत्तराला वेळ लागला तर लागू द्या.

२) मदत करण्याआधी विचारा. न दिसणाऱ्या मुलाचा दंड धरून ओढण्यापेक्षा त्याला आपला दंड धरू द्या.

३) त्याच्याकडून काहीतरी मागा. फळा पुसणं असो, हजेरी सांगणं असो, वर्गाच्या कामात त्याचा वाटा हवा. सगळं माफ केलेलं मूल वर्गाचं राहत नाही, पाहुणं होतं.

४) राग आणि हट्ट यांच्या मागे न सांगता आलेलं काय आहे, ते शोधा.

५) त्या मुलाला रोज आणणाऱ्या, शाळेच्या फाटकाशी दिवसभर बसून राहणाऱ्या आईला कधीतरी विचारा, तुम्ही जेवलात का? तुमच्या मदतीला घरी कोण आहे? पालकसभेत मुलाच्या प्रगतीइतकंच हेही बोलायचा विषय आहे.

हेलन केलरची गोष्ट परिपाठात जरूर सांगा. पण यंदा ती सांगताना फुटलेली बाहुली सांगायला विसरू नका. आणि मुलांना हा प्रश्न नक्की विचारा : हेलनची कीव तर सगळ्यांनाच येत होती, मग तिला बोलतं एकट्या बाईंनीच कसं केलं? मुलं काय उत्तरं देतात ते शांतपणे ऐका. त्या उत्तरांवर वर्गात एक तास सहज जाईल, आणि तो वाया जाणार नाही.